मुरूम आमचा, शुल्कही आमचंच

नगररचना योजनेतल्या अंशदानाचा, म्हणजे योजनेच्या खर्चातल्या जमीनमालकांच्या वाट्याचा, हिशेब या आठवड्यात मांडतो असं म्हटलं होतं. तो पुढच्या खेपेला. मधे सांगलीच्या शामरावनगरातून एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून कलमांकडे वळणं मला जमेना. ते लिहितात, ‘प्लॉट घेतला तेव्हा रस्त्याची जागा आमच्याच क्षेत्रातून गेली. गल्लीत वर्गणी काढून मुरूम टाकला, तोही आम्हीच. गुंठेवारी नियमित करताना विकास शुल्क भरलं. घरपट्टी दरवर्षी भरतो. एका रस्त्याचे पैसे किती वेळा द्यायचे?’

ज्यांनी या गल्ल्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. इथली जमीन कृष्णाकाठची काळीभोर, आणि भाग सखल. पहिला जोराचा पाऊस झाला की चप्पल रुतून बसते, रिक्षावाला आत यायला नकार देतो, गाडी मुख्य रस्त्याला लावून पँट दुमडत घर गाठावं लागतं. मग घराघरातून पैसे गोळा होतात, मुरमाच्या ट्रॉल्या येतात, पोरं फावड्यानं मुरूम पसरतात. पण खाली दगडाचं सोलिंग नसतं, बाजूला गटार नसतं. पुढच्या पावसाळ्यात तो मुरूम काळ्या मातीच्या पोटात जातो आणि वर्गणीची वही पुन्हा निघते.

हे असं का झालं? १९४७च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतीचे छोटे तुकडे पाडून विकायला बंदी घातली. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा राज्यातल्या ज्या मोजक्या शहरांना लागू झाला त्यांत सांगलीही होती. रीतसर लेआउट मंजूर करून घेणं अवघड आणि घराची गरज तर आजची. मग शेत गुंठ्यागुंठ्यानं स्टॅम्पपेपरवर विकलं गेलं. हीच गुंठेवारी. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. दोन ओळींच्या मधे वीस फुटी रस्ता धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याची दहा फुटांची पट्टी त्यात जाते. म्हणजे ३३० चौरस फूट, गुंठ्यातला जवळजवळ तीस टक्के हिस्सा. पत्रलेखकांनी रस्त्याचा पहिला हप्ता असा जमिनीत भरला आहे. तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा हप्ता आहे.

२००१ साली गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१पूर्वीची बांधकामं नियमित करून घेण्याची त्यातली सवलत २०२१च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. मालकानं प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्याची रक्कम) आणि विकास शुल्क भरायचं, आणि त्या पैशातून याच वसाहतींना रस्ते, पाणी, गटारं द्यायची, असा कायद्याचा हेतू. हेतू चोख आहे. गाडी अडते ती वसुलीच्या पद्धतीत. शुल्क भूखंडागणिक घेतलं जातं आणि रस्ता गल्लीगणिक होतो. समजा, गल्लीतल्या वीस घरांपैकी बारांनी भरलं, आठांनी नाही. आता काय करायचं? बारा घरांपुरतं डांबर ओतता येत नाही, आणि भरणाऱ्यांना थांबा म्हणण्याचा अधिकारही कुणाला नाही.

याच ठिकाणी मला मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातली दोन कलमं फार मोलाची वाटतात, ३०५ आणि ३०६. खाजगी रस्ता धड नसेल तर पालिका त्या रस्त्यावर दर्शनी बाजू असलेल्या सगळ्या मालकांना एकत्र नोटीस देते : सपाटीकरण करा, खडी घाला, गटार काढा, दिवे लावा. खर्च मालकांचा. पण काम पुरं झालं आणि मालकांपैकी कुणी मागणी केली की तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करावा लागतो. तिथून पुढचा खड्डा पालिकेचा. सांगलीला लागू असलेल्या १९४९च्या महापालिका कायद्यातही याच वळणाच्या तरतुदी आहेत. देणं एकदाच, आणि ते कधी संपलं याची तारीख ठरलेली. गुंठेवारीत नेमकी ही तारीख हरवली आहे.

अमेरिकेतला १८९८चा एक खटला या पत्राच्या फार जवळचा आहे. ओहायो राज्यातल्या नॉरवुड गावानं बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला. जागेची भरपाई ठरली २००० डॉलर. मग गावानं ती भरपाई आणि वर खटल्याचा खर्च, असे २२१८ डॉलर ५८ सेंट, तिच्याच उरलेल्या जमिनीवर आकारले! सर्वोच्च न्यायालयानं गावाला रोखलं. रस्त्यामुळे जमिनीला जो खास लाभ झाला त्याहून बरीच जास्त रक्कम घेणं म्हणजे मोबदला न देता मालमत्ता घेणंच, असं न्यायालयाचं म्हणणं. नुसता दर्शनी फूट मोजून बिल फाडू नका, आधी लाभ मोजा.

आता परत आपल्याकडे येऊ. जवळच्याच साताऱ्यात चित्र वेगळं. राजपथ किंवा खालचा रस्ता दुरुस्त झाला म्हणून पेठेतल्या घरमालकाला वेगळं बिल येत नाही. पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर २०२१मध्ये खुला झाला, तोही सरकारी निधीतून. १९९२पासून नगररचना कायद्यात विकास शुल्क आहे, पण ते लागतं नव्या बांधकामाची परवानगी मागताना. वाडा उभा आहे तोवर काही नाही, पाडून अपार्टमेंट करायचं म्हटलं की शुल्क. म्हणजे ज्याच्या दारात रस्ता पिढ्यान्‌पिढ्या आहे तो सुटतो, आणि ज्याच्या दारात अजून चिखल आहे तो आधी भरतो. हा उलटा न्याय मला मान्य नाही. २०२०च्या हद्दवाढीत आलेल्या शाहूपुरी, विलासपूरच्या रहिवाशांनी अंतर्गत रस्त्यांचा विषय निघेल तेव्हा हे मांडायला हवं.

पत्रलेखकांना माझं सांगणं असं. एकट्यानं जाऊ नका, गल्लीतल्या सगळ्यांच्या पावत्या एकत्र करा. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा : तुमच्या सर्व्हे नंबरातून विकास शुल्क किती जमा झालं, ते कोणत्या खात्यात आहे, आणि त्यातून त्याच सर्व्हे नंबरात काय काम झालं. आणि तुमची गल्ली पालिकेच्या दप्तरी सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदलेली आहे का, हे चौथं. ती नोंद असेल तर मुरमाची वर्गणी यंदापासून बंद करा आणि दुरुस्तीची मागणी लेखी द्या. उत्तर आलं की मला जरूर कळवा, पुढच्या अंशदानाच्या लेखात त्या आकड्यांचा उपयोग होईल.