चाईचे चट्टे आणि आरशाची साक्ष

डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा एकाएकी दिसू लागला, की घरातील वडीलधारी माणसे ‘चाई पडली’ असे म्हणतात आणि मागोमाग केस खाणाऱ्या किड्यावर आरोप ठेवून मोकळी होतात. परंतु असा किडाच मुळी नाही. शरीराच्या संरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवलेली, त्या लिंफोसाइट पेशीच केशमुळांना परके समजून घेरतात. सबब ही व्याधी कोणाच्या फणीने वा वस्तऱ्याने दुसऱ्यास जडत नाही.

चट्टा गुळगुळीत झाला म्हणजे मूळ मेले, ही समजूत अधिक क्लेशकारक. वास्तविक येथे केशमूळ नष्ट होत नाही, त्याचे काम तेवढे तहकूब होते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात, आणि त्याचे श्रेय, माझ्या मते, कांद्याचा रस फुकट उपटतो. न भरणाऱ्या मोजक्या चट्ट्यांत ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने टोचतात. व्यापक रोगासाठी बॅरिसिटिनिब या गोळीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. तीही रामबाण नव्हे, कारण रोज ४ मिलिग्रॅम घेणाऱ्या प्रौढांपैकी ३६ आठवड्यांअखेर एक-तृतीयांशाहून थोड्या अधिकांच्याच माथ्याचा ८० टक्के वा त्याहून जास्त भाग केसांनी झाकला गेला. गोळीपूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक असते आणि गोळी बंद करताच केस पुन्हा गळू लागण्याचा संभव मोठा असतो.

गुण येतो आहे की नाही, हे आरशावरून ठरवणारे बहुधा फसतात. तज्ज्ञ डोक्याचे चार भाग पाडून (माथा ४०, मागील बाजू २४, प्रत्येक कुशी १८ टक्के) केसहीन क्षेत्राची बेरीज मांडतात, आणि दर खेपेस तोच प्रकाश, तेच अंतर व तोच भांग राखून छायाचित्रे दफ्तरी ठेवतात. त्वचादर्शकाच्या भिंगाखाली याहून बारकाईची शहानिशा होते : टोकाशी जाड व मुळाशी निमुळते असे उद्गारचिन्हासारखे केस आणि तुटक्या केसांचे काळे ठिपके दिसले, तर रोगाचा अंमल चालू आहे, आखूड, ताठ उभे केस दिसले, तर वाढ सुरू झाली. नवे केस आरंभी पुष्कळदा पांढरे येतात आणि आरशात नजरेस पडत नाहीत, किंवा पडलेच तर अकाली वार्धक्य समजून उपटले जातात. वस्तुतः त्यांत रंग बहुधा मागाहून भरतो.