कर्जाआधीची तयारी

धंदा करू पाहणारी स्त्री बँकेच्या दारात अडते, ती पुष्कळदा कर्तबगारीच्या अभावी नव्हे, तर कागदाच्या अभावी. घर पतीच्या नावे, जमीन सासऱ्यांच्या नावे आणि धंद्याचा जमाखर्च तिच्या डोक्यात! मग तो धंदा दहा वर्षे नीट चाललेला का असेना, बँकेच्या लेखी तो नसल्यातच जमा. उरतो तो सावकार.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे याचा रोकडा अनुभव आला. माण तालुका मूळचाच दुष्काळी. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी घरावर घालावयास प्लॅस्टिकचे कापड हवे होते. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवावेत, तर एवढ्या किरकोळ रकमेचे खाते उघडावयास बँका राजी होईनात. तेव्हा चेतना सिन्हा यांनी स्त्रियांचीच बँक काढण्याचे मनावर घेतले. प्रवर्तक स्त्रियांना लिहितावाचता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या; काही महिन्यांनी अधिकाऱ्यांपुढे पुन्हा उभ्या राहिल्या आणि कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी सांगतो, विचारून पाहा, असे म्हणाल्या. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे तिच्या जोडीला उद्योगशाळाही आली. मजुरी बुडवून शिकावयास कोण येणार? म्हणून शाळाच मोटारीत बसून गावोगाव जाऊ लागली.

बेळगावकडील वाचकांना उजिरे ठाऊक असेल. धर्मस्थळाजवळच्या या गावी 1982 साली ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकविणारी संस्था निघाली. त्याच धर्तीवर आता जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी चालविलेल्या संस्था आहेत. शिक्षण विनामूल्य असते आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा होतो. खरे मोल या पाठपुराव्याचेच. प्रमाणपत्र काय, भिंतीवर टांगावयास बरे!

2015 सालच्या मुद्रा योजनेने 10 लाखांपर्यंतच्या कर्जास तारणाची अट ठेवली नाही. तथापि यंत्राचे दरपत्रक, विक्रीचा अंदाज, हप्त्याची ऐपत हे बँक विचारणारच. शिवणयंत्रापुरते कर्ज मागणारी स्त्री कापड, दोरा आणि उधारीत अडकणारा पैसा बहुधा विसरते. यंत्र घरात येते आणि कापडावाचून थांबते. अर्ज भरतेवेळीच जाणती व्यक्ती शेजारी असेल, तर खेळत्या भांडवलाची ही रक्कम पहिल्याच मागणीत धरली जाते.