तुळजापूरची तारा आणि सोलापूरचा हुंडा

तुळजाभवानी मंदिराचा जीर्णोद्धार आणि तेथील विकास आराखडा यांवरून सुरू असलेल्या चर्चेत अफजलखानाच्या स्वारीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. परंतु त्या स्वारीभोवती रचलेल्या आणि तुळजापूरच्याच एका ब्राह्मण कन्येला नायिका करणाऱ्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीचे नाव मात्र त्या चर्चेत क्वचितच ऐकू येते. ही कादंबरी 1863 मध्ये प्रसिद्ध झाली, तर मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 ची आहे. म्हणजे मराठी कादंबरी इतिहासाकडे वळण्याच्या आठ वर्षे आधीच तुळजापूर इंग्रजी वाचकांच्या घरी पोहोचले होते.

तिचा लेखक फिलिप मेडोज टेलर (1808–1876) हा निजामाच्या चाकरीतला अधिकारी होता. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने 1853 मध्ये कंपनीकडे सोपवलेल्या मुलखात नळदुर्ग जिल्हाही होता, आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचा पूर्वावतार असलेल्या त्या जिल्ह्याचा कारभार टेलरने 1857 पर्यंत पाहिला. मुलकी अधिकाऱ्यासमोर जमिनीचे, वारशाचे आणि मानपानाचे तंटे रोज येतात. त्यामुळे भूगोल आणि माणसे ही टेलरची मोठी शिदोरी होती, यात शंका नाही.

कथेचा साचा मात्र त्याने स्कॉटलंडहून घेतला. वॉल्टर स्कॉटच्या 1814 मधील ‘वेव्हर्ली’पासून हा साचा रूढ झाला: तेथील डोंगराळ मुलखात एका नायकाभोवती आणि एका आडनावाखाली बांधलेली कुळे असत, त्यांची पिढीजात वैरे चालत, आणि कादंबरीकार खऱ्या राजपुरुषांना मागच्या बाजूला ठेवून दोन तटांतील तरुण-तरुणीचे कल्पित प्रेम पुढे आणी. अशा अद्भुतरम्य कथेत विवाह हा वैराचा शेवट असतो. टेलरची तारा ही बालविधवा असून तिला मुरळी, म्हणजे देवाला वाहिलेली स्त्री, करण्याचा घाट घातला जातो. तिचा प्रियकर फाझिल हा प्रत्यक्ष अफजलखानाचा पुत्र आहे. इतिहासातला फाजलखान जावळीतून निसटला आणि 28 डिसेंबर 1659 रोजी कोल्हापूरजवळ शिवाजी महाराजांकडून पराभूत झाला; कादंबरीत मात्र त्याच्या वाट्याला नायकपण आले आहे.

कालगणनेतही टेलरने सोय पाहिली. ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या त्याच्या तीन कादंबऱ्या अनुक्रमे 1657, 1757 आणि 1857 या शतकी अंतरावर मांडल्या आहेत, परंतु अफजलखानाचा वध 10 नोव्हेंबर 1659 चा आहे. दोन वर्षांची ही सरकवासरकव कादंबरीकाराला माफ करता येईल. वैराच्या कारणाविषयीची त्याची समजूत मात्र तितक्या सहजी माफ करता येत नाही.

प्रेमिकांच्या मध्ये टेलरने धर्माची भिंत उभी केली, तर त्या काळातील पुष्कळ वैरांच्या मुळाशी वतन होते. वतन म्हणजे वसुलीच्या वा गावकीच्या कामाबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हुद्दा, जमीन आणि मान. देशमुखी हे त्यातले परगण्याचे मोठे वतन असून, ते भावांत वाटले जाताना भाऊबंदकी उपजे आणि होळी-पोळ्याच्या पहिल्या मानावरूनही रक्त सांडे. अफजलखान आला तेव्हा मावळातले देशमुख धर्माप्रमाणे विभागले गेले नाहीत: उत्रवळीच्या देशमुखीच्या तंट्यात गुंतलेले खंडोजी खोपडे खानाला मिळाले, तर कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूला राहिले. स्कॉटलंडच्या कुळांशी खरे साम्य शोधायचे असेल, तर ते या तंट्यात आहे.

विवाहाने वैर मिटते हा साचा तर धाराशिवच्या भूमीवर अगदीच टिकत नाही. आजच्या जिल्ह्यातील परंडा हा निजामशाहीचा आणि नळदुर्ग हा आदिलशाहीचा किल्ला. दोन्ही सत्तांमधली सरहद्द याच टापूतून सरकत राहिली आणि सोलापूर हा तिच्यावरचा कळीचा मुद्दा होता. 1524 च्या सुमारास इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला आणि सोलापूर हुंड्यात देण्याचे ठरले, परंतु किल्ला तेव्हा हाती आला नाही, आणि त्या न दिलेल्या हुंड्यावरून दोन्ही घराणी पुढची सुमारे चार दशके लढत राहिली. अखेर हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली, तेव्हा सोलापूर तिच्यासोबत उलट दिशेने विजापूरकडे गेले; त्या सोयरिकीतून झालेल्या एकजुटीमुळेच 1565 चे तालिकोट शक्य झाले, तरी विजयनगर पडल्यावर सरहद्दीवरची भांडणे थांबली नाहीत.

टेलर स्वतः अखेरच्या दिवसांत चांदबिबीकडे वळला आणि तिच्यावरची त्याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर 1878 मध्ये निघाली. पण तिच्यापेक्षाही अधिक मोठी कथा बहुधा मरियमची आहे, जिच्याविषयी इतिहासकार किल्ल्याच्या निमित्तानेच बोलतात. अशी कादंबरी लिहिणाऱ्याला साहेबाचा साचा बाजूला ठेवून महजर, म्हणजे वतनाच्या तंट्यावर गोतसभेने दिलेले लेखी निवाडे, वाचावे लागतील, आणि नळदुर्ग ते परंडा ही वाट पायाखाली घालावी लागेल. त्या कादंबरीचा आरंभ लग्नाच्या मांडवात करावा लागेल, कारण या सरहद्दीवर भांडण तेथूनच पेटले होते.