एक व्हॉल्व्ह अडला आणि कारखाने थांबले

तुमच्या घरी गॅसचे सिलिंडर किती आहेत? बऱ्याच जणांकडे दोन असतील. एक शेगडीला जोडलेला आणि दुसरा कोपऱ्यात भरून ठेवलेला. पहिला संपला की आई कोपऱ्यातला पुढे ओढते आणि बाबांना सांगते, "अहो, गॅसचा नंबर लावा." मग चार-पाच दिवसांत भरलेला सिलिंडर येतो, रिकामा परत जातो.

आता मला सांगा, दोनच का? एकच असता तर? तो नेमका होळीच्या दिवशी पुरण शिजत असताना संपला असता! मग दहा का नाही ठेवायचे? कारण दहांसाठी पैसे अडकतात, जागा अडते, आणि नवा सिलिंडर यायला चार-पाच दिवसच लागतात, मग दहांची गरज काय? म्हणजे किती साठा ठेवायचा हे दोन गोष्टींवर ठरतं. आपण किती वापरतो आणि मागवलेला माल यायला किती दिवस लागतात. शिवाय पाहुणे आले, सण आला किंवा गाडी उशिरा आली तर थोडा जास्तीचा हवा. मोठ्या माणसांच्या भाषेत याला साठ्याचं नियोजन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तुमची आई ते रोज करते, बरं का!

आता घरातून बाहेर पडूया आणि थेट जपानला जाऊया. तिथे टोयोटा नावाची मोटारी बनवणारी कंपनी आहे. एका मोटारीत सुटे भाग किती असतात माहीत आहे? अगदी बारीक स्क्रूसुद्धा मोजला तर सुमारे ३०,०००! हे सगळे काही टोयोटा स्वतः बनवत नाही. काच कुणाकडून येते, टायर कुणाकडून, ब्रेकचे भाग कुणाकडून. टायरवाला रबर तिसऱ्याकडून आणतो, तो चौथ्याकडून. याला पुरवठ्याची साखळी म्हणतात. मला विचाराल तर साखळी हा शब्द तोकडाच पडतो. वडाच्या झाडाच्या पारंब्या असतात ना, तसं ते जाळं असतं. आणि त्या जाळ्यातल्या प्रत्येक गाठीवर बसलेल्या माणसाला एकच प्रश्न पडलेला असतो. माझ्याकडे किती माल असू द्यायचा?

जुनी रीत सोपी होती. गोदाम भरून ठेवा, म्हणजे काही कमी पडणार नाही. पण गोदामात पडलेला माल म्हणजे पडून राहिलेले पैसे. कामगारांचे पगार, वीज, कर्जाचं व्याज हे सगळं त्याच पैशांतून भागवायचं असतं. माल गंजतो, नवीन मॉडेल आलं की जुना भाग कुणी घेत नाही. १९४९-५० मध्ये टोयोटाने याचा चांगलाच चटका सोसला. युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये लोकांच्या हाती पैसा नव्हता, बनवलेल्या गाड्या खपत नव्हत्या. कंपनी बुडायला आली. कामगारांचा संप झाला, आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी १९५० मध्ये राजीनामा दिला. लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं, ही कल्पना मुळात त्यांचीच. पण ती प्रत्यक्षात उतरवली ताइची ओनो नावाच्या इंजिनिअरने.

ओनो यांना वाट कुठे सापडली असेल? दुकानात! अमेरिकेत तेव्हा सुपरमार्केट नावाची नव्या तऱ्हेची दुकानं निघाली होती. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून हवी ती वस्तू हवी तेवढी घ्यायची, आणि दुकानदाराने जेवढी गेली तेवढीच पुन्हा मांडायची. ओनो त्याविषयी वाचत होते, विचार करत होते. १९५६ साली ते अमेरिकेला गेले. तिथले मोटारीचे मोठमोठे कारखाने त्यांनी पाहिलेच, पण मनात भरलं ते सुपरमार्केट. त्यांना वाटलं, कारखान्यात प्रत्येक विभाग हा पुढच्या विभागाचं दुकान का असू नये?

मग त्यांनी चिठ्ठीची पद्धत रुळवली. जपानी भाषेत तिला कानबान म्हणतात, म्हणजे पाटी किंवा फलक. भागांच्या प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी असते. कोणता भाग, किती नग, कुठून आला आणि कुठे जायचा ते तीवर लिहिलेलं. खोकं वापरायला घेतलं की चिठ्ठी काढून मागच्या विभागाकडे पाठवायची. चिठ्ठी आली तरच त्याने तेवढेच नग बनवायचे. चिठ्ठी नाही तर माल नाही! ओळखीचं वाटतंय का? आपला रिकामा सिलिंडर हेच काम करतो. तो रिकामा झाला म्हणजेच नवा मागवायची वेळ झाली. आता कारखान्यांत कागदाच्या चिठ्ठीच्या जागी पुष्कळ ठिकाणी संगणकाचा निरोप जातो, पण युक्ती तीच.

साठा कमी करण्याचा आणखी एक फायदा सांगतात, तो मला फार आवडतो. नदी भरून वाहत असली की तळातले खडक दिसत नाहीत. पाणी उतरलं की एकेक खडक वर येतो. कारखान्यातला साठा म्हणजे ते पाणी. शंभर भाग शिलकीत असले तर दहा खराब निघाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण दोनच असले आणि त्यातला एक खराब निघाला, तर काम तिथल्या तिथे अडतं आणि दोष शोधावाच लागतो. टोयोटाच्या गाड्या मजबूत म्हणून नावाजल्या गेल्या, त्याचं एक कारण हेही होतं. पुढे जगभरातल्या कारखान्यांनी ही पद्धत उचलली.

पण पाणी फारच उतरलं तर? नाव रुतते ना!

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. पहाटे चार वाजून गेले होते. जपानमधल्या कारिया गावात आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. इथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनत असे. मागच्या चाकांच्या ब्रेकवर किती दाब पडू द्यायचा ते हा व्हॉल्व्ह ठरवतो, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी गाडी घसरत नाही. हातात मावेल एवढीशी वस्तू. पण टोयोटाला लागणारे असे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह या एकाच कारखान्यातून येत होते. आणि टोयोटाकडे साठा किती होता? जेमतेम काही तासांचा! चार-पाच दिवसांत जपानमधले टोयोटाचे जवळपास सगळे कारखाने थांबले. बाकीचे हजारो भाग तयार होते. नव्हता तो फक्त हा व्हॉल्व्ह.

पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. आयसिनने व्हॉल्व्हचे नकाशे मागेल त्याला देऊन टाकले. कितीतरी लहानमोठ्या कंपन्या मदतीला धावल्या. ज्यांनी जन्मात असा व्हॉल्व्ह बनवला नव्हता त्यासुद्धा! शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनी त्यांतलीच एक. ज्याच्याकडे जे यंत्र होतं, त्यावर त्याने जमवलं. आगीला दहा दिवस व्हायच्या आतच टोयोटाचा गाडा बराचसा रुळावर आला. पुष्कळ जण या गोष्टीतून फक्त कमी साठ्याचा धोका दाखवतात. मला मात्र वाटतं, एकमेकांना नीट ओळखणारे पुरवठादार हासुद्धा एक साठाच होता. फक्त तो गोदामात दिसत नव्हता.

मात्र दरवेळी शेजारी धावून येऊ शकत नाही. ११ मार्च २०११ ला ईशान्य जपानमध्ये ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. हजारो माणसं दगावली. हिताचिनाका या शहरात रेनेसास कंपनीचा कारखाना होता. मोटारीचं इंजिन, ब्रेक वगैरे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिप तिथे बनत. तो भूकंपाने बंद पडला आणि सुरू व्हायला जूनपर्यंतचा काळ गेला. चिप म्हणजे काही व्हॉल्व्ह नव्हे. नकाशा दिला म्हणून शिवणयंत्रवाल्याला ती बनवता येत नाही. तिला लागते धुळीचा कणही नसलेली खोली, खास यंत्रं आणि कित्येक आठवड्यांचा वेळ.

तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट उघडकीला आली. मोटार कंपन्यांना वाटत होतं की आपण वेगवेगळ्या पुरवठादारांकडून माल घेतो, तेव्हा एकजण अडला तर दुसरा आहेच. पण खाली उतरून पाहावं तर त्यातले कितीतरी जण चिप आणत होते एकाच कारखान्यातून! वडाच्या पारंब्या दिसायला वेगवेगळ्या, पण झाड एकच. टोयोटाने मग पुरवठादार, त्याचा पुरवठादार, त्याचाही पुरवठादार अशी माहिती गोळा करायला घेतली. कोणता भाग कोणत्या गावात बनतो हे कळलं, तर भूकंप झाल्याबरोबर काय अडणार ते सांगता येतं. आणि पुरवठादारांना सांगितलं की चिपचा साठा दोन ते सहा महिने पुरेल एवढा ठेवा. पाहा बरं! काही तासांच्या साठ्यावर चालणारी ही कंपनी, आणि तिनेच सहा महिन्यांचा साठा सांगितला. पण यात उलटसुलट काही नाही. चार तासांत येणारी वस्तू साठवायची कशाला? चार महिन्यांनी येणारी मात्र साठवायलाच हवी. म्हणजे सगळ्या मालाला एक नियम लावायचा नाही, भाग पाहून ठरवायचं.

या तयारीची परीक्षा लवकरच झाली. २०२० मध्ये करोनाची साथ आली. आता गाड्या कोण घेणार, म्हणून बऱ्याच मोटार कंपन्यांनी चिपची मागणी रद्द केली. इकडे शाळा आणि कचेऱ्या घरात भरू लागल्या, लॅपटॉपचा खप वाढला. चिपवाल्यांनी आपली यंत्रं तिकडे वळवली. वर्ष संपताना गाड्यांची मागणी अचानक परतली, पण रांगेत आता दुसरे उभे होते. २०२१ च्या सुरुवातीला जगभरच्या मोटार कारखान्यांचं काम थांबू लागलं, तेव्हा टोयोटा आपल्या साठ्यावर बरीच तगून राहिली. पण कायमची नाही, हं! तुटवडा लांबला, आग्नेय आशियातले कारखाने साथीमुळे बंद पडले, आणि सप्टेंबर २०२१ चं जगभरातलं उत्पादन टोयोटाने ठरवल्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी केलं. साठा आपल्याला वेळ मिळवून देतो, पण तोही कधीतरी संपतोच.

आता तुम्ही विचाराल, गिऱ्हाइकाची मागणी थोडीशी हलली तर कारखान्यात एवढा गोंधळ का होतो? गुराख्याचा आसूड पाहिलाय? मूठ जराशी हलते, पण टोक केवढं सपकन फिरतं! पुरवठ्याच्या साखळीतही तसंच होतं. अमेरिकेतली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनी बाळांचे पॅम्पर्स बनवते. बाळं काही सोमवारी कमी आणि मंगळवारी दुप्पट शू करत नाहीत! दुकानातला खप जवळपास सारखा असायचा. तरी घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या बऱ्याच वरखाली व्हायच्या, आणि कंपनी कच्चा माल मागवायची तो त्याहून वरखाली. १९९७ साली हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तीन अभ्यासकांनी याची कारणं नीट मांडली. एक कारण असं की प्रत्येक जण मागच्याची चिठ्ठी पाहतो, खरं गिऱ्हाईक कुणालाच दिसत नाही. दुकानदार घाबरून थोडं जास्त मागवतो, त्याची चिठ्ठी पाहून घाऊकवाला आणखी थोडं जास्त. त्यात माल कमी मिळणार अशी कुणकुण लागली, की दहा हवे असले तरी वीस लिहायचे!

यावर हल्लीचा उपाय म्हणजे काउंटरवर विकलेल्या मालाची खरी नोंद साखळीतल्या सगळ्यांना दाखवणे. दुकानात बारकोड टिपताना पीक असा आवाज होतो ना? तो निरोप संगणकावरून थेट कारखान्यापर्यंत नेता येतो.

हे सगळं अनुभवायचं असेल तर एक खेळ सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास तो तयार झाला. मूळ खेळात बीअरच्या खोक्यांचा व्यापार आहे, आपण वह्यांचा करू. पाच जण लागतील. गिऱ्हाईक, दुकानदार, घाऊक व्यापारी, एजन्सीवाला आणि कारखानदार. गिऱ्हाईक सोडून प्रत्येकाला १२ चिंचोके द्या, एक चिंचोका म्हणजे एक वही. एक फेरी म्हणजे एक आठवडा. दर फेरीत प्रत्येकाने मागच्याला चिठ्ठीवर आकडा लिहून माल मागवायचा. माल मिळेल दोन फेऱ्यांनंतर. कारखानदार कुणाकडे मागणार? तो स्वतःच बनवतो, डब्यातून चिंचोके घेऊन, पण त्यालाही दोन फेऱ्या लागतात. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत! फेरीअखेर हातात उरलेल्या प्रत्येक वहीला ५० पैसे दंड आणि देता न आलेल्या प्रत्येक वहीला १ रुपया. गिऱ्हाइकाने पहिल्या चार फेऱ्यांत चार-चार वह्या घ्यायच्या आणि पाचव्या फेरीपासून शेवटपर्यंत आठ-आठ. हे गुपित त्याने कुणालाही सांगायचं नाही. वीस फेऱ्या खेळा आणि कारखानदाराच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे क्रमाने फळ्यावर मांडा.

मग हाच खेळ दुसऱ्यांदा खेळा. या वेळी गिऱ्हाइकाने आकडे आपल्या मनाने बदलायचे, पण त्याची चिठ्ठी दर फेरीला सगळ्यांना दाखवायची. दोन्ही खेळांतले दंड वहीत शेजारी शेजारी लिहा आणि वर्गात बाईंना दाखवा.