गोल पाइपला सरळ भोक

पडद्यासाठी स्टीलचा पाइप आणलात, खूण केलीत, ड्रिल लावलंत आणि बीट सर्रकन घसरलं. पाइपवर चरा, भोक भलतीकडेच. हात हलला असं तुम्हाला वाटतं, पण खरी गोष्ट वेगळी आहे. बिटाचं अगदी मधलं टोक नीट कापत नाही, नुसतं दाबतं. सपाट पट्टीवर ते कसंबसं टिकतं, गोल पाठीवर उतार मिळेल तिकडे पळतं.

फरीदाबादमध्ये एनआयटी म्हटलं की कॉलेज आठवू नका. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप. ट्रॅक्टर आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या या शहरात एकसारखी शंभर भोकं पाडायची असतील, तर नजरेच्या भरवशावर काम चालत नाही. त्यासाठी जिग लागतं. फिक्स्चर काम नुसतं घट्ट धरतं. जिग धरतंही आणि बिटाला वाटही दाखवतं.

पाइपच्या जिगचं मर्म म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारखी खाच. पाइप जाड असो वा बारीक, खाचेत बसला की त्याचा मध्य खाचेच्या मधल्या रेषेवरच येतो. त्याच रेषेवर कडक पोलादाची छोटी नळी, म्हणजे बुश, बसवतात. बुश पाइपच्या अगदी जवळ हवं, नाहीतर मधल्या मोकळ्या जागेत बीट पुन्हा भरकटतं.

एवढा खटाटोप कशाला? 25 मिलिमीटरच्या पाइपवर खूण 1 मिलिमीटर सरकली, तर भोक साडेचार अंशांनी फिरतं. ड्रिल फक्त 2 अंश कललं, तर पलीकडे जवळपास 0.9 मिलिमीटरची चूक होते. बोल्ट आरपार जातच नाही, किंवा ठोकून घातला तर एका कडेवरच भार पडतो. मुलांच्या झोपाळ्याला असा बोल्ट नकोच.

घरासाठी सुताराकडून कठीण लाकडाच्या ठोकळ्यात 90 अंशांची खाच पाडून घ्या. खाचेच्या बरोबर मधोमध, स्टँडवरच्या ड्रिलने, एक उभं भोक पाडायला सांगा. हा ठोकळा खोगिरासारखा पाइपवर ठेवा आणि क्लॅम्पने आवळा. लाकडातलं भोक वापराने सैल होतं, म्हणून काम जास्त असेल तर त्यात बिटाच्या मापाची लोखंडी नळी ठोका.

समोरासमोरच्या भोकांसाठी कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळा, टोकं जुळतील तिथे कापा आणि दुमडून बरोबर अर्धी करा. पट्टी पुन्हा गुंडाळली की टोकं आणि घडी बरोबर समोरासमोर येतात. दोन्हीकडे पंच मारा आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळं भोक पाडा.

डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, ओढणीही खोचून घ्या. फिरतं बीट कापड खेचून घेतं. शेवटी भोकाची धार कानशीने घासा, नाहीतर पडदा पहिल्याच दिवशी अडकून फाटेल.