नव्या देशातले पहिले दिवस – भाग ३ : आधी पत्ता, मग बाकी सारे

जर्मनीला निघालेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. बँक खाते, आरोग्य विमा, करक्रमांक, निवास परवाना, सिमकार्ड, वाहन परवाना. यादीत चुकीचे काही नसते. खोट एवढीच, की ती सगळ्या कामांना एकाच मोलाची मानते. प्रत्यक्षात यातली निम्मी कामे एका कामावाचून हलत नाहीत आणि ते काम म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी, तिथल्या भाषेत आनमेल्डुंग. १ नोव्हेंबर २०१५पासून लागू असलेल्या केंद्रीय नोंदणी कायद्यानुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. हयगय झाल्यास १००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा व्हिसा हाती आल्यावर माझे म्हणणे असे, की पुढची पहिली मेहनत आणि पहिला जादा पैसा नोंदणी होऊ शकेल अशा घरावर खर्च करावा, तोही विमानात बसण्यापूर्वी.

नोंदणी होते ती नागरिक कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाचा दाखला एवढीच कागदपत्रे सहसा लागतात. आपली गफलत होते ती या दाखल्यापाशी. पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार हातात असला की गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. जर्मनीत नुसता भाडेकरार पुरत नाही. मालकाचे नाव व पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावे असलेला वेगळा दाखला लागतो. त्याचे नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चारता आले नाही तरी लिहून ठेवा. एखाद्या भाडेकरूने आपल्या घरातली खोली पोटभाड्याने दिली असेल, तर हा दाखला तोही देऊ शकतो. दाखला देणे ही कायद्याने घर देणाऱ्याची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर तसे कार्यालयाला लगेच कळवायचे असते.

या नोंदीतून पुढचे धागे निघतात. माहिती केंद्रीय कर कार्यालयाकडे जाते आणि अकरा अंकी करक्रमांक टपालाने घरी येतो. तो येईपर्यंत मालक-कंपनीला अंदाजाने करकपात करण्याची मुभा आहे, पण तीन महिन्यांपर्यंतच. पुढे सहाव्या करवर्गाची म्हणजे सर्वांत जड कपात सुरू होते. निवास परवान्यासाठी कोणत्या परदेशी नागरिक कार्यालयात जायचे, हेही पत्त्यावरूनच ठरते. अर्जात धर्माचा रकानाही असतो. वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक वाचकांनी तो भरताना जाणून असावे, की त्यावरून चर्चकर लागू होतो : बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. आणि हे सारे टपालाने येणार असल्यामुळे टपालपेटीवर आडनाव हवेच. जर्मन पोस्टमन शेजाऱ्याला विचारत बसेलच असे नाही. नाव दिसले नाही तर पत्र परत जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो कंपनीच्या भरवशावर असलेल्यांचा. कंपनी सगळे करून देते म्हणे. मोठ्या कंपन्या वेळ घेऊन देतात, सोबत माणूसही पाठवतात, हे खरे. पण घरमालकाच्या सहीची जागा कंपनीचे पत्र घेऊ शकत नाही. कंपनीने पहिल्या महिन्याला दिलेल्या निवासात नोंदणी होते का, हे विचारण्याचे काम उमेदवाराचेच. दुसरा आक्षेप पैशांचा : नोंदणी न देणारी खोली स्वस्त मिळते, दोन महिने काढू, मग बघू. परदेशात राहणारा माणूस तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला आला तर त्याला नोंदणीतून सूट आहे, तिचा आधारही दिला जातो. ही सूट पाहुण्यासाठी आहे. स्थायिक व्हायला आलेल्याला ती करक्रमांक मिळवून देत नाही, आणि भाड्यात वाचलेले पैसे पुढे अडकलेल्या कामांत जातात. काही जण तर पैसे देऊन नुसता पत्ता घेतात. जिथे कोणी राहायला जाणारच नाही असा पत्ता नोंदणीसाठी देणे हा गुन्हाच समजा. त्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. बर्लिनसारख्या शहरात दोन आठवड्यांत कार्यालयाची वेळच मिळत नाही, मग कायदा पाळायचा कसा? वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवावा, शहरातली सगळी कार्यालये तपासावीत आणि सकाळी रद्द झालेल्या वेळांवर लक्ष ठेवावे, याहून चांगला उपाय नाही. यंत्रणा दोन आठवड्यांची अट घालते आणि स्वतः मात्र ती पाळण्याची सोय करत नाही, ही तिची उघड लंगडी बाजू आहे.

माझ्या म्हणण्याला मर्यादाही आहे. सगळेच पत्त्यावर अडत नाही. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत बँक खात्याचा हक्क जून २०१६पासून आहे, आणि तो कायम पत्ता नसलेल्यालाही मिळतो. विद्यार्थ्याने व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यातली (ब्लॉक्ड अकाउंट) महिन्याची रक्कम ज्या चालू खात्यात यायची, ते खाते त्यामुळे लवकर उघडता येते. आरोग्य विम्याचे तर पत्त्याआधीच बघावे लागते, कारण त्याशिवाय विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही. त्याविषयी पुढच्या भागात. तोपर्यंत ज्यांचे घर ठरायचे आहे त्यांनी अनामत रक्कम पाठवण्याआधी मालकाला एक प्रश्न लेखी विचारावा : या पत्त्यावर नोंदणीसाठी दाखला द्याल का? उत्तर नाही किंवा गुळमुळीत आले, तर दुसरे घर शोधा.