निरभ्र आभाळ आणि नदीला पूर

महाराष्ट्रातील नद्यांचा पूर पावसाच्या पाठोपाठ येतो. घाटमाथ्यावर सरी कोसळू लागल्या, म्हणजे खाली नदी फुगणार हे लहान मुलालाही कळते. परंतु अमेरिकेतील रॉकी पर्वतातून वाहणाऱ्या नद्यांची रीत निराळी आहे. तेथे मे-जून महिन्यांत कित्येक दिवस लख्ख ऊन पडलेले असते, आणि नदी मात्र दुथडी भरून, गढूळ होऊन धावत असते. यलोस्टोन ही अशीच एक नदी. तिची लांबी सुमारे १,१०० किलोमीटर असून तिच्या मुख्य प्रवाहावर पूर अडवून धरील असे एकही मोठे धरण नाही. त्यामुळे पर्वतावर जे घडते, ते तिच्या पाण्यात जसेच्या तसे उमटते.

ट्राउट नावाच्या चपळ माशासाठी ही नदी प्रसिद्ध आहे. गळ घेऊन तेथे जाऊ इच्छिणाऱ्या मनुष्याला आमिषाच्या आधी विचार करावा लागतो तो बर्फाचा.

हिवाळ्यात पडलेले हिम त्या उंचीवर वाहून जात नाही. थरावर थर साचत राहते. वसंत ऋतूत ऊन चढू लागले, तरी नदी लगेच भरत नाही. वरच्या थरातून पाझरलेले पाणी खालच्या अतिथंड थरात शिरून पुन्हा गोठते. असे होता होता सगळा थर शून्य अंशावर आला, म्हणजे मग पुढची सारी उष्णता बर्फ वितळविण्याच्या कामी येते आणि ओढे खळाळू लागतात.

या साठ्यात पाणी किती, हे नुसत्या खोलीवरून कळत नाही. भुसभुशीत ताजे हिम आणि दडपलेले जुने हिम यांत फार अंतर असते. म्हणून हिम मोजण्यापेक्षा ते तोलावे, हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नेव्हाडा विद्यापीठातील जेम्स एडवर्ड चर्च यांनी रूढ केला. गंमत अशी, की हे गृहस्थ शिकवीत असत लॅटिन भाषा! पोकळ नळी हिमात तळापर्यंत खुपसायची, भरलेल्या नळीचे वजन करायचे, आणि त्यावरून पाण्याचा हिशेब मांडायचा, अशी त्यांची साधी रीत होती. हिमालयातील हिमाची पाहणी करण्यासाठी ते १९४७ साली भारतातही आले होते. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. आता पर्वतांवरील स्वयंचलित यंत्रे हिमाचे वजन आपोआप कळवितात, आणि नदीकाठच्या मापनकेंद्रांवरून पाण्याची पातळी व प्रवाहाचे क्युसेक कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

तरीही हवामानाकडे लक्ष हवेच. रात्री शिखरांवर पाणी गोठत असेल, तर नदी आवरलेली राहते. रात्रीही उबदार जाऊ लागल्या, की ती दिवसागणिक चढते. शिवाय दुपारी वितळलेले पाणी दूरच्या गावी पोहोचेपर्यंत मध्यरात्र किंवा दुसरा दिवस उजाडतो. संध्याकाळी ओलांडलेला ओढा सकाळी परत ओलांडता येईलच, असे समजणारा फसतो.

सर्वांत भय असते ते बर्फावर पडणाऱ्या उबदार पावसाचे. वास्तविक पावसाच्या अंगी उष्णता थोडीच असते. दहा अंश तापमानाचे आठ लिटर पाणी बर्फावर ओतले, तर जेमतेम एक किलो बर्फ वितळतो. खरे काम करते ती दमट वाऱ्यातील वाफ. एक किलो वाफ बर्फावर निवून तिचे पाणी झाले, तर सात किलोंहून अधिक बर्फ वितळण्याइतकी उष्णता बाहेर पडते. २०२२ साली तेथे थंडी उशिरापर्यंत रेंगाळली होती आणि जूनमध्येही पर्वतावर पुष्कळ बर्फ शिल्लक होता. त्यावर उबदार पावसाची झड आली. १३ जून रोजी कॉर्विन स्प्रिंग्ज येथील मापनकेंद्रावर नदीची पातळी १३.८८ फूट झाली. १९१८ सालचा उच्चांक ११.५ फुटांचा होता. रस्ते वाहून गेले आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून दहा हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले.

एवढ्या पाण्यात मासे करतात काय? मधली धार सोडून ते काठाच्या संथ पाण्यात आसरा घेतात. पाणी गढूळ असल्याने त्यांना भक्ष्य नीट दिसत नाही, आणि गळाला काही लागत नाही. तेथील मूळचा ट्राउट, ज्याच्या जबड्याखाली तांबडी रेघ असते, तो तर याच सुमारास अंडी घालण्यासाठी लहान ओढ्यांत चढतो. कोकणातले चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हा मासा गळाला लागला तरी पाण्यात परत सोडावा लागतो.

मग जाणता गळकरी थांबतो. जूनअखेरीस किंवा जुलैत पाणी ओसरू लागते. तपकिरी रंग जाऊन हिरवट झाक येते आणि काठाजवळचे दगड पाण्यातून दिसू लागतात. त्याच दिवसांत, नदीच्या तळाशी तीन-चार वर्षे काढलेले मोठे कीटक दगडांवर चढून कात टाकतात व पंख पसरून काठच्या झुडपांवर बसतात. वाऱ्याने त्यांतील काही पाण्यात पडतात, आणि ट्राउट त्यांच्यासाठी पृष्ठभागावर उसळी घेतो.